पीचच्या झाडाला बासष्ट मनगटं

कोपर कुठे असतं, सांगा पाहू. नाही, हात लावून दाखवायचं नाही. हात लावला की माझ्या मामेभावालासुद्धा कळतं, आणि त्याला अजून डावा-उजवा बूट कळत नाही. नुसतं बघून सांगा. हा बाहेर आलेला टोकदार भाग? ते हाड झालं. सांधा आत असतो, हात जिथे मुडपतो तिथे, मांसाच्या आड, गुपचूप बसलेला. बरं, कोपर सोडा. खुबा सांगा. बघा, सगळे कमरेला हात लावून बसलात. तिथे खुबा नसतो, तिथे पट्टा असतो.

तर हे माझं काम. माणसाला चार खांबांच्या मधे उभं करायचं, खांबांवर कॅमेरे, आणि त्याला सावकाश गोल फिरवायचं. की कॉम्प्युटरमध्ये त्याचा पुतळा तयार. पुतळा म्हणजे नुसती कातडी बरं का, आतून पोकळ, ईस्टरला टोक फोडून फुंकून रिकामं करतो ना आपण अंडं, तसा. आणि त्या पोकळ माणसाच्या आत माझ्या प्रोग्रॅमने ठिपके ठेवायचे. हा खांदा, हे कोपर, हे मनगट, हा खुबा, गुडघा, घोटा. आत काही नाही आणि आतलं सांगायचं. ज्योतिषाचं आणि माझं काम सारखंच आहे, फक्त माझी चूक लगेच पकडली जाते.

आणि कशाला हवेत सांधे? तर आपला तो स्टेशनमागचा कारखाना, कामाचे कपडे शिवणारा. फरशीवाल्यांच्या पँटला गुडघ्यावर खिसा असतो, त्यात मऊ गादी घालायची, म्हणजे गुडघे टेकले तरी दुखत नाहीत. त्या गाद्या सगळ्यांच्या नडगीवर यायच्या. गुडघा बिचारा दगडावर आणि नडगी महाराणीसारखी गादीवर. तक्रारींचा खच. तेव्हा मी तिथल्या मुख्य बाई, इंजिनियर कुन्चेवा, सगळं गाव त्यांना इंजिनियरबाईच म्हणतं, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मी माणसागणिक गुडघा शोधून देते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, म्हणजे मापच घेतलं, आणि म्हणाल्या की दहा एप्रिलला माझ्या कामगारांवर करून दाखव. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर माझी सकाळ फुकट गेली.

त्यांची सकाळ गेली असती, माझं गाव गेलं असतं. कारण नाही जमलं तर मी जर्मनीत, श्टुटगार्टला जाणार हे घरात ठरलं होतं. माझी वर्गमैत्रीण प्लामेना तिथे गोदामात खोकी भरते, तिने माझ्यासाठी शेजारचं टेबल बघून ठेवलं होतं. वर्गातले सव्वीस, त्यातले एकोणीस गेलेले. मला नव्हतं जायचं. मला इथेच, स्लिवेनमध्ये राहून लोकांचे गुडघे शोधायचे होते. आई म्हणायची, झोरी, हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ, कसं वाटतं. मी म्हणून बघितलं. मला छान वाटलं.

तर यंत्राला शिकवायचं म्हणजे आधी त्याला बरीच माणसं दाखवायची, खरे सांधे खुणा करून. हा बघ पेन्योकाकांचा गुडघा, हा बघ आईचा. साठेक माणसं पाहिली की एकसष्टाव्याचा ते आपणहून सांगतं. लहान पोराला मांजर शिकवतो तसंच. म्हणून मी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली: विज्ञानासाठी माणसं हवीत, घट्ट कपड्यांत यावं. दुपारपर्यंत चिठ्ठी गायब. आमच्या इमारतीचे व्यवस्थापक पेन्योकाका, निवृत्त मेकॅनिक, त्यांनी ती काढून आमच्या दारात आणून दिली. म्हणाले, लिफ्टमध्ये शिक्क्याशिवाय काही लावता येत नाही. मी म्हटलं, काका, तुमचीच चिठ्ठी आहे की तिथे, ‘कचरा खाली टाका’ म्हणून, तिच्यावर कुठाय शिक्का? ते म्हणाले, ती माझी आहे.

मग शिक्का आणायला वाचनालयात गेले, गावाचं नाचगाणंही तिथेच चालतं, आणि हॉलही तिथलाच हवा होता. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली अकॉर्डियनच्या मास्तरांकडे, मास्तर नाचाच्या पथकाबरोबर बुर्गासला. चार दिवस. तेवढ्यात माझ्या विद्यापीठातून पत्र आलं की माणसांची शरीरं गोळा करत असाल तर खासगी माहितीच्या कार्यालयाचा फॉर्म भरा. नऊ पानी. सातव्या पानावर प्रश्न, ‘गोळा केलेल्या माहितीवरून व्यक्ती ओळखू येईल का?’ मी लिहिलं, नाही. त्यांनी उलट लिहिलं, मग चेहरे काढून टाका. काढले. सगळ्या पुतळ्यांची डोकी उडवली मी. संध्याकाळी आई मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. म्हणाली, अय्या, हे पेन्यो ना? आणि ही औषधाच्या दुकानातली. आणि हा तिसऱ्या मजल्यावरचा, बिचारा, बायको जेवायला घालत नाही वाटतं.

मी तो फॉर्म परत उघडून बघितला नाही. काही गोष्टींकडे बघितलं नाही तर त्या नीट चालतात.

पण मी गोष्टीत जरा पुढेच गेले. पहिले आले पेन्योकाकाच, कारण पहिलं दुसरं कुणी आलं असतं तर ते व्यवस्थापक कसले. घट्ट कपडे म्हणून जे लिहिलं होतं त्याचा अर्थ त्यांनी लोकरीची आतली लांब पँट असा घेतला होता, आजोबांच्या काळातली, मागे उघडणारी झडप असलेली. फिरणारी चकतीही त्यांनीच बनवून दिली होती, धुण्याच्या यंत्राची मोटर लावून. मोटरने स्वतःचा पूर्वेतिहास विसरायला नकार दिला. पहिली दोन वळणं झकास, मग तिला वाटलं आता पिळायची वेळ आली. काका हातांनी हवा धरत फिरताहेत, तोंडाने म्हणताहेत, काही नाही, काही नाही, असंच असतं. त्या पुतळ्याला सात कोपरं आली. माझ्या प्रोग्रॅमने सातही शोधली, हे मी इथे नम्रपणे सांगून ठेवते.

मोटर बदलली. लोक येऊ लागले. आणि प्रत्येकाला सल्ला द्यायचाच होता. औषधवाल्या बाई म्हणाल्या, पोट आत घेतलेलं चालेल ना. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, मी घेतच नाहीये. तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला, डावीकडून घे, माझी डावी बाजू बरी आहे. मी घड्याळं काढायला लावली, अंगठ्या, साखळ्या, कानातली, एकाचा तर कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, पावणेदोन किलो. एका आजोबांना कानाचं यंत्र काढायला लावलं, मग त्यांना ‘हात थोडे लांब धरा’ हे सांगायला मला खुणा कराव्या लागल्या आणि त्यांना वाटलं मी नाचायला शिकवतेय. ते सुंदर नाचले. पुतळा वाया.

पण खरा घोळ खुणांचा. सांधे कुठे आहेत ते यंत्राला मी सांगायचं, आणि मला कोण सांगणार? मी पुस्तक समोर ठेवून डोळ्यांनी ठिपके लावत होते. आईने पाहिलं आणि म्हणाली, झोरी, माझा गुडघा तिथे नाहीये. मी म्हटलं, आई, पुस्तकाप्रमाणे तिथेच आहे. ती म्हणाली, मग पुस्तकाला सांग माझ्याऐवजी जिने चढायला.

म्हणून ती वेलिकाआजींना घेऊन आली. वेलिकाआजी म्हणजे हाडवैद्य, पलीकडच्या गल्लीतल्या. ऐंशी वर्षांच्या, हात माझ्यापेक्षा लहान, आणि निम्म्या गावाचे निखळलेले खांदे त्यांनी बसवलेत, उरलेलं निम्मं गाव लाजेने सांगत नाही एवढंच. त्यांनी आईच्या पायावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले, पाय जरासा हलवला. ‘इथे.’ मी तिथे चिकटपट्टीचा ठिपका लावला. ‘इथे.’ दुसरा. खुबा शोधायला तीन सेकंद. मी पुस्तक मिटलं.

त्यांना माझ्या यंत्रात एकच खोट दिसायची आणि ती त्या रोज सांगायच्या. ‘पोरी, हे तुझं यंत्र बोट तर लावत नाही, मग त्याला कळतं कसं?’ मी म्हणायचे, आजी, ते बघतं. त्या म्हणायच्या, नवराही बघतोच.

आता आजी खुणा करताहेत म्हटल्यावर रांग लागली. विज्ञानाला कुणी नव्हतं आलं, सगळे मान मोकळी करून घ्यायला आले होते. आठ दिवसांत बासष्ट माणसं. मार्चच्या मध्यापर्यंत माझा प्रोग्रॅम तयार. खांदा बरा, गुडघा चांगला, खुबा चालेल असा, पण मनगट... मनगट म्हणजे माझं काळीज. शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर. केसाइतका फरक नाही. मनगट हा अवघड सांधा आहे हो, बारीक, फिरणारा, मोठमोठ्या लोकांच्या प्रोग्रॅमना तो नीट सापडत नाही. मला सापडला होता. मी आरशात बघून दोनदा म्हटलं, झोरनित्सा, तू मनगट सोडवलंस. आणि वर एक युक्तीही केली होती. माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, मग मेहनत दुप्पट कशाला? एक बाजू शोधायची, दुसरी आरशासारखी उलटून ठेवायची. हुशारी म्हणतात ती हीच.

दहा एप्रिल. कारखान्याच्या कटिंगच्या हॉलमध्ये खांब लावले, चकती लावली. कामगार अर्धवर्तुळात, पेन्योकाका मोटरपाशी, कारण मोटर दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. इंजिनियरबाई राखाडी कोटात, गळ्यात मोजपट्टी, दोन्ही टोकं पुढे लोंबताहेत, नेहमीसारख्या. पहिला आला मानोल, कापड कापणारा, धिप्पाड, खेळाची पँट घालून. फिरवला. पुतळा आला. मी कळ दाबली. खांदे बरोबर, गुडघे बरोबर. मनगटं बेंबीवर.

दोन्ही. बेंबीवर. शेजारी शेजारी.

मी म्हटलं, थोडं थरथरलं असेल, परत. परत फिरवला. परत बेंबी. मागून कुणीतरी म्हणालं की मानोलचे हात नेहमी तिथेच असतात, जेवणानंतर. दुसरी आली शिलाईवरची मुलगी, तिने केसांची रिबीन हाताला गाठ मारून बांधलेली, तिचं मनगट एकदम बरोबर. माझ्या जिवात जीव आला. तिसरा आला, त्याचं मनगट घोट्यावर, बुटाच्या नाडीपाशी. आणि मग इंजिनियरबाई स्वतः चकतीवर चढल्या. मी म्हटलं, कोट काढता का, त्या म्हणाल्या, मी कोट काढत नाही. फिरल्या. आणि माझ्या प्रोग्रॅमने शांतपणे, शंभरात नव्याण्णवच्या खात्रीने, त्यांची दोन्ही मनगटं त्यांच्या गळ्यात ठेवली.

तुम्हाला वाटेल हे वाईट. अजून वाईट म्हणजे ठिपके मिळाले की कपड्याचा आराखडा आपोआप निघायचा, तो मीच लावून ठेवला होता, कौतुकाने. पडद्यावर एक कोट आला. त्याच्या बाह्या खांद्यातून निघून कॉलरमध्ये संपत होत्या. रोज कपडेच शिवणारी माणसं ती, त्यांनी तो कोट एक मिनिटभर मन लावून पाहिला. मानोल हळूच म्हणाला, शिवता येईल, पण घालणार कोण.

इंजिनियरबाई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं. म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी आमच्याकडे दुसऱ्या शहरातले लोक त्यांचं यंत्र दाखवायला यायचेत. त्यांच्या आधी सकाळी तुला एक तास देते. एकच. पेन्योकाका खांब गोळा करत म्हणाले की मोटर मात्र छान चालली. मोटर खरंच छान चालली होती.

मी घरी चालत आले. काका गाडीत बसायला सांगत होते, मी म्हटलं नको. सहा दिवसांनी मंगळवार, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जर्मनीची बस. तोंडात मारल्यासारखी चालत होते. इमारतीच्या आवारात आपलं ते पीचचं झाड, ते फुललं होतं, नुसतं गुलाबी. आणि त्याच्या प्रत्येक फांदीला मार्तेनित्सा. लाल-पांढरे दोरे, गाठ मारलेले, दोन टोकं लोंबणारी, गोंड्यांची. सगळ्या इमारतीने बांधलेल्या. नियम तुम्हाला माहीतच आहे, एक मार्चला मनगटाला बांधायची, करकोचा दिसला किंवा झाड फुललं की काढून फांदीला. माझीही तिथे होती, आठवडाभरापूर्वीच बांधलेली.

मी त्या झाडाकडे बघत राहिले. गाठ. दोन टोकं लोंबणारी. मानोलच्या पँटची नाडी. बाईंची मोजपट्टी.

मी तिथेच बसले. बासष्ट माणसं मी मार्चच्या पहिल्या दोन आठवड्यांत उभी केली होती, आणि बासष्टच्या बासष्ट जणांच्या हातात ती होती. घड्याळ काढायला लावलं, कानातलं काढायला लावलं, एका माणसाचं ऐकू येणं काढून घेतलं मी, आणि मार्तेनित्सा काढा असं कुणालाही म्हटलं नाही. कारण ती काढायची वस्तूच नाही ना. मार्चमध्ये ती हाताचा भागच असते. नखं काढून उभे राहा, असं कुणी म्हणतं का? वेलिकाआजींनी मनगटाची जागा चोख दाखवली होती, आणि यंत्राने आळशी विद्यार्थ्यासारखं मनगट शिकायचं सोडून गाठ शिकून ठेवली होती. मी मनगट सोडवलं नव्हतं. मी सुतळी सोडवली होती. त्या क्षणी मी झाडावर प्रोग्रॅम चालवला असता तर त्याला बासष्ट मनगटं सापडली असती, शंभरात नव्याण्णव अचूक.

आणि सांगू? मला एकदम बरं वाटलं. म्हणजे मी मूर्ख होते, पण माझा प्रोग्रॅम मूर्ख नव्हता. त्याला जे दाखवलं ते तो शिकला होता, फार छान शिकला होता. दुसरं दाखवलं की दुसरं शिकेल. मी उठले आणि तीन-तीन पायऱ्या चढत वर गेले.

सगळ्यांना परत बोलवायचं, उघड्या मनगटाने, पाच दिवसांत. खासगी माहितीचं कार्यालय म्हणालं, नवीन फॉर्म. नऊ पानं. शिक्का. अकॉर्डियनचे मास्तर या वेळी यांबोलला. पण पेन्योकाका, ज्यांनी माझी चिठ्ठी लिफ्टमधून काढली होती, ते माझ्या जर्मनीच्या बसचं आईकडून ऐकून आले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढून यांबोलला जाऊन किल्ली घेऊन आले. वर मला म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस, उद्या सगळे मला किल्ल्या आणायला पाठवतील. मग त्यांनी प्रत्येक दार वाजवलं. चिठ्ठी नाही लावली. स्वतः जाऊन सांगितलं की शुक्रवार ते रविवार, इमारतीचे सगळे सांधे वाचनालयात हजर पाहिजेत, जो येणार नाही त्याच्या मजल्यावरचा दिवा मी बदलणार नाही.

एक्कावन्न आले. पुरे होते. वेलिकाआजी तीन दिवस खुर्चीवर बसून, बोटं ठेवून, ‘इथे, इथे’ करत होत्या. रविवारी त्या औषधवाल्या बाईंच्या पाठीवरून हात फिरवत असताना मी आजींना माझी आरशाची युक्ती सांगितली, जरा शेखी मिरवायला, की आजी, तुम्ही डावी बाजूच दाखवा, उजवी मी उलटून घेते. त्या थांबल्या.

‘उलटून?’

‘म्हणजे सारखीच असते ना दोन्हीकडे.’

‘साठ वर्षं झाली मला हे करताना,’ आजी म्हणाल्या, ‘दोन्हीकडे सारखा माणूस अजून माझ्या हाताखाली आला नाही. आला तर दार लावून घेईन.’

मग त्यांनी माझेच खांदे दाबले आणि म्हणाल्या, तुझा डावा वर आहे, पिशवी बदलत जा. मी त्या रात्री युक्ती बंद केली. काढून नाही टाकली, नुसती बंद केली, एका चौकोनातली खूण उडवली. खरं सांगायचं तर मला ती आवडायची.

मंगळवारी आजी म्हणाल्या, मी येते, मला बघायचंय कसं कळतं त्याला. आजी खुर्चीत, हॉल तोच, अर्धवर्तुळ तेच, फक्त या वेळी चेहरे आधीच हसायला तयार. मानोल चढला. नाडी मुद्दाम मोठी बांधून आला होता, फुलासारखी. पुतळा आला, कळ दाबली. मनगटं मनगटात. मानोल स्वतःच्या हाताकडे आणि पडद्याकडे आलटून पालटून बघत राहिला, जणू हात आत्ताच मिळाले. दुसरी, तिसरा, पाचवा, सातवा. फरशीवाले दोघे मुद्दाम बोलावले होते, त्यांचे गुडघे सापडले, आराखड्यात गादी बरोब्बर गुडघ्यावर. मी फुगत चालले होते, लपवत नाही.

मग इंजिनियरबाई उठल्या. म्हणाल्या, माझ्यावर दाखव. त्यांनी मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. मग क्षणभर थांबून कोटही काढला. आत साधा पातळ स्वेटर. हॉलमधल्या कुणी त्यांना कोटाशिवाय पाहिलं नव्हतं बहुतेक, सगळे उगाच छताकडे बघायला लागले. फिरल्या. पुतळा आला. मनगटं बरोबर, कोपरं बरोबर, गुडघे बरोबर.

उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.

सांध्याचा ठिपका खाली, आणि जरा पुढेही. आधी एक हसला, मग चौघे, मग सगळेच. कुणी म्हणालं, गेल्या वेळी हात गळ्यात होते, आता खांदा घसरला, पुढच्या वेळी बाई घरीच राहतील. इंजिनियरबाईंचा चेहरा दगड. माझे कान पेटले. आणि माझं बोट, मी काही न सांगता, त्या चौकोनापाशी गेलं. एक खूण. एक खूण करायची, की डावा खांदा उलटून उजवीकडे बसणार, दोन्ही सारखे, सगळे खूश, सोमवारी नोकरी. आणि खरंच, कुणाला काय कळणार होतं? फरशीवाल्यांचे गुडघे तर बरोबर होते.

मी आजींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, बाईंकडे बघत होत्या. पण एक्कावन्न माणसांत त्या बोटांनी मला एकदाही खोटी जागा दाखवली नव्हती. त्यांनी शिकवलेलं यंत्र मीच खोटं पाडलं असतं तर मग मी श्टुटगार्टला खोकी भरलेलीच बरी.

मी हात कळफलकावरून उचलला. ‘बाई,’ मी म्हटलं, ‘यंत्र बरोबर आहे.’

हसणं थांबलं. इंजिनियरबाईंनी कुणाकडे न बघता सगळ्यांना कॉफीची सुट्टी दिली, पंधरा मिनिटं, आत्ता. पेन्योकाकाही गेले, मोटर सोडून. आजी उठल्या, न विचारता चकतीपाशी गेल्या, टाचा उंचावून दोन बोटं त्या खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

‘कधी पडलीस गं?’ बाईंना असं ‘गं’ म्हणणारं दुसरं कुणी नसेल या गावात.

‘शहाऐंशी साली,’ बाई म्हणाल्या. ‘कापडाचा गठ्ठा आला अंगावर. एकोणीस वर्षांची होते, कटिंगच्या टेबलावर नुकतीच घेतली होती. सांगितलं असतं तर काढून शिलाईवर टाकलं असतं.’

‘म्हणून कुणाला दाखवलंच नाहीस.’

बाईंनी तो राखाडी कोट उचलला आणि उजव्या खांद्याचं अस्तर माझ्यापुढे धरलं. आत गादी शिवलेली, दोन बोटं जाड, बारीक टाक्यांची. डावीकडे काही नाही. ‘सगळ्या कोटांना मीच शिवते, घरी. हात वर केला की सरकते,’ त्या म्हणाल्या. ‘चारशे शिवणारे आहेत माझ्या हाताखाली. कपडा डोळ्यांनी वाचणारी माणसं. सदतीस वर्षांत एकालाही दिसलं नाही.’ मग त्यांनी पडद्यावरच्या त्या खालच्या ठिपक्याकडे बघितलं. आजीही बघत होत्या. आजी म्हणाल्या, मी इथेच दाखवला असता. अगदी इथेच. आणि मला वाटतं त्या दिवसापासून त्यांनी मला नवऱ्याचं उदाहरण देणं सोडलं.

दुसऱ्या शहरातल्या लोकांना बाईंनी दारातूनच कॉफी पाजून परत पाठवलं. मला म्हणाल्या, सोमवारी सात वाजता. सात म्हणजे सात, सात वाजून एक मिनिट म्हणजे मंगळवार. मी बस स्टँडवर जाऊन तिकीट परत केलं, तिथल्या बाई म्हणाल्या, या आठवड्यात परत करणारी तू पहिलीच, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या जणू मी कुठून तरी आलेय.

आणि मागच्याच आठवड्यातली गोष्ट. मानोलने माझ्या ठिपक्यांवरून बाईंसाठी एक कोट कापला. बाही जिथे लागायला हवी तिथे लावली, खऱ्या सांध्यावर, एक खाली, एक वर. गादी नाही. घातल्यावर खांदा दिसतो का? दिसतो, बघितलं तर दिसतो. बाई तो घालून हॉलमध्ये आल्या, सगळे माना खाली घालून काम करताहेत असं दाखवत होते. निळ्या कापडाचा एक तागा सगळ्यात वरच्या फळीवर होता. मानोल तो काढायला वळला, कारण वरचं काही काढायचं असलं की बाई नेहमी कुणाला तरी सांगायच्या, आम्हाला वाटायचं, मोठ्या बाई आहेत, सांगणारच. त्या वेळी त्यांनी सांगितलं नाही. उजवा हात सरळ वर केला, तागा धरला आणि खाली ओढला.

हात पूर्ण वर गेला होता. कोट जागचा हलला नाही.